दोन हजारांचा हप्ता पडला, पुढे काय? तुमच्या घरचा अनुभव सांगा

माहेरची_वाट
नमस्कार मंडळी. माझं माहेर बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यात. चार एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि त्यात तुरीच्या ओळी. बाबा २०२१ मध्ये गेले, वारस नोंद होऊन सातबारा भावाच्या नावावर आला. मी पुण्यात नोकरी करते. या दिवाळीत आठ दिवस राहून आले आणि त्यातल्या दोन रात्री आईची वही वाचण्यात गेल्या.

आई तिसरी शिकलेली. घरात आलेला आणि गेलेला पैसा ती शाळेच्या वहीत लिहून ठेवते. ऑगस्टचं पान असं आहे: "२ तारीख. मोदीचे २००० आले. कृषी केंद्र १३००. पोराचे बूट ४००. घरात ३००." सप्टेंबरात नमो शेतकरीचे २००० आले, ते सगळे दुकानदाराला. म्हणजे केंद्राच्या किसान सन्मान निधीचे ६००० आणि राज्याच्या नमो शेतकरीचे ६०००, वर्षाचे १२,००० घरात येतात, पण येण्याआधीच ते खर्च झालेले असतात. उरलेले तीनशे वहीत दिसतात, तेवढेच.

दुसरी गोष्ट. वहिनीला राज्याच्या लाडकी बहीण योजनेचे महिन्याला दीड हजार येतात. ते वहीत कुठेच नाहीत. मी आईला विचारलं, विसरलीस का? तर म्हणाली, "ते तिचे आहेत. त्यांचा हिशोब मी कशाला मांडू?" माझ्या आईनं आयुष्यभर बाबांना दहा-दहा रुपयांचा हिशोब दिला. तिच्या तोंडून हे ऐकलं आणि मला रात्री झोप लागली नाही.

तर प्रश्न असा: तुमच्या घरी, गावी, थेट खात्यात येणारा हा पैसा नेमका कुठे जातो? आणि त्यानं घरात काही बदललं का? राजकारण बाजूला ठेवून लिहा, ही विनंती.

बांधावरचा
ताई, हिंगोलीहून लिहितोय. तुमच्या आईंच्या वहीतलं पहिलं पान आमच्याही घरचं आहे.

पैसा किती येतो यापेक्षा कधी येतो ते महत्त्वाचं. २०२४ चा सतरावा हप्ता १८ जूनला पडला. पाऊस झाला होता, पेरणीसाठी तिफण जुंपायची होती. त्याच दिवशी जाऊन डीएपी खताची एक गोणी रोखीनं आणली, १३५० ला, छापील भावात. उरलेल्यात बीजप्रक्रियेचं औषध आलं. २०२५ चा विसावा हप्ता आला २ ऑगस्टला. तोवर पेरून दीड महिना झालेला, डवरणी (पिकातलं तण मोडणं) उरकलेली. डीएपी उधारीवर उचललेली. उधारीत तीच गोणी मला सोळाशेला पडली, वर "हे घेतलं तरच ते मिळेल" म्हणून एक बाटली गळ्यात मारली, जिची मला गरज नव्हती.

रक्कम दोन्ही वेळा दोन हजारच. एकदा माझ्या कामी आली, एकदा दुकानदाराच्या. माझं म्हणणं एवढंच, की एप्रिल ते जुलैचा हप्ता मेअखेर द्या. रुपयाही वाढवू नका, चालेल.

ठिबक_ठिबक
आमच्या गावात हल्ली राम राम घालायच्या आधी "पडला का?" विचारतात. पहिल्या वर्षी आजी घाबरून उठायची, "कोण पडलं रे, कुठं पडलं?" आता तीच सगळ्यात आधी विचारते.

कोथरूडकर
कुणाला राग येईल, पण लिहितो. मी शहरात वाढलो, कर भरतो. आमचं गाव मुळशीत, वर्षातून चारदा जाणं होतं. गावात भात लावणीला माणूस मिळत नाही. चुलतभाऊ सांगतो की पैसे फुकट येतात म्हणून कुणी कामाला येत नाही, आणि हप्ता आला की बारसमोर गाड्या लागतात. मला शेतकऱ्याबद्दल आदर आहे. पण रोख देण्यापेक्षा तेवढ्याचं खत, बियाणं, अवजार का देऊ नये?

बांधावरचा
दादा, महिन्याचे हजार रुपये होतात. हजारात महिनाभर कोण घरी बसतं? लावणीला माणूस मिळत नाही कारण पोरं पिरंगुटच्या कंपन्यांत जातात, तिथं बारा महिने काम आहे.

माळवी_मराठी
मी इंदूरचा, तीन पिढ्या इथेच. कोथरूडकरांच्या दारूच्या मुद्द्यावर माझ्याजवळ सांगण्यासारखं आहे, कारण ते आमच्याच जिल्ह्यात करून पाहिलेलं आहे.

२०११ मध्ये 'सेवा' या महिलांच्या संघटनेनं युनिसेफच्या पैशावर इंदूर जिल्ह्यातल्या आठ गावांत प्रत्येक माणसाला दरमहा रोख रक्कम दिली. मोठ्यांना २०० आणि मुलांना १००, पुढे ३०० आणि १५०. एका आदिवासी गावातही असंच केलं. अट कसलीही नाही. पैसा घराच्या कर्त्याला न देता ज्याचा त्याला, बाईचा बाईला, मुलांचा आईच्या हातात. शेजारच्या तशाच, पैसे न मिळणाऱ्या गावांशी तुलनाही केली होती.

दारू वाढल्याचं आढळलं नाही. आढळलं ते असं: शेळ्या-कोंबड्या वाढल्या, घरात भाजी-डाळ जास्त शिजायला लागली, मुली शाळेत टिकल्या, सावकाराकडे जाणं कमी झालं. आणि दादा, काम कमी झालं नाही, उलट झालं. दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाणारे स्वतःच्या तुकड्यात राबायला लागले, कारण बियाण्या-खताला हातात चार पैसे होते. जमीनदाराला मात्र तेच "मजूर मिळत नाही" असं दिसणार. तुमच्या चुलतभावाचं म्हणणं खोटं नसेल, पण ते बांधाच्या एका बाजूनं दिसणारं आहे.

वस्तू देण्याबद्दल: आमच्याकडे एकदा सगळ्यांना एकाच वाणाचं बियाणं वाटलं. ज्याची जमीन हलकी त्यानं काय करायचं? त्यानं ते निम्म्या भावात विकलं.

सोयरीक
मी बार्शी तालुक्यातली. लाडकी बहीण मला ऑगस्ट २०२४ पासून मिळतेय. माहेरची_वाट ताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. सगळ्या घरी अशा सासवा नसतात, म्हणून माझं लिहिते.

पहिले सहा महिने मी पैसे काढलेच नाहीत. मेसेज आला की नुसता बघायचे. लग्नाला चौदा वर्षं झाली, माझ्या नावावर जनधनचं खातं होतं पण त्यात कधी काही पडलंच नव्हतं. मग बचत गटाचा हप्ता त्यातून भरायला लागले. आधी हप्त्याच्या दिवशी नवऱ्याचा मूड बघून मागावं लागायचं. आता मार्चमध्ये एक शेळी घेतली, साठलेले आणि गटाचं थोडं कर्ज घालून. ती व्यायली, दोन पाटी (मादी पिल्लं) झाल्या. एसटीला बायकांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे आईला भेटायला जायला कुणाला विचारावं लागत नाही. फुकट नाही जात मी, तिकीट काढून जाते, माझ्या पैशानं.

पण दुसरी बाजूही सांगते. सात-आठ महिन्यांनी मालकांनी किराण्याला पैसे देणं बंद केलं. "तुला येतात की." तेल, साखर, मुलांच्या वह्या, सगळं हळूहळू माझ्या दीड हजारावर आलं. माझ्या जावेचंही तेच. म्हणजे सरकारनं मला दिले, आणि तेवढेच घरातून काढून घेतले गेले. मी भांडले. भांडून तेल आणि गॅस परत त्यांच्याकडे टाकलं. ते भांडण मी आधी कधी केलं नसतं, हेही खरं.

ठिबक_ठिबक
सोयरीक ताई, शेळीचं नाव काय ठेवलंत?

सोयरीक
लाडकीच ठेवलंय! पाटींची नावं केंद्र आणि राज्य. दोघी एकाच वेळी कधी जवळ येत नाहीत.

घामाचे_दाम
वाचतोय आणि अस्वस्थ होतोय. आपण हप्त्याची चर्चा करतोय आणि मूळ दुखणं सुटतंय. आम्ही शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या सभा ऐकून मोठे झालो. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा तेव्हा भिंतीभिंतीवर होती.

माझा हिशोब मांडतो. २०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता. माझ्या चार एकरांत २२ क्विंटल झालं. खरेदी केंद्रावर ओलावा जास्त म्हणून परत पाठवलं, आणि घरात लग्न होतं म्हणून थांबता आलं नाही. बाजारात ४१०० नं दिलं. क्विंटलमागे ७९२ गेले. २२ क्विंटलचे १७,४२४. आणि सन्मान निधी दोन्ही मिळून वर्षाचा १२,०००. म्हणजे मला मिळालेला सन्मान माझ्याच पोत्यातून काढलेला होता, आणि वर साडेपाच हजार माझेच गेले. कुणी हा हिशोब चूक आहे असं दाखवून द्यावं.

माहेरची_वाट
काका, हिशोब चूक नाही. आमच्या वहीतही तोच आहे, भाव वेगळा एवढंच. पण एक विचारते. मालाला भाव मिळाला तर तो पैसा माझ्या भावाच्या नावच्या पट्टीवर (विक्रीच्या पावतीवर) येईल. वहिनी पेरते, निंदते, सोंगणीला पुढे असते, तिच्या हातात त्यातलं काय येईल? आजवर कधी आलं?

घामाचे_दाम
प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे याचं चांगलं उत्तर नाही. पण संघटनेनं तो ओळखला होता, बायकोच्या नावावर जमीन करायची लक्ष्मीमुक्ती मोहीम त्याचसाठी होती.

बटईदार
तुमच्या सगळ्यांजवळ सातबारा आहे म्हणून हा धागा आहे. मी यवतमाळचा. सहा एकर वावर ठोक्यानं (मालकाला ठरलेलं भाडं देऊन) करतो, कपाशी. माझ्या नावावर घराची जागा सोडून काही नाही.

२८ फेब्रुवारी २०२४ ला सोळाव्या हप्त्याचा कार्यक्रम आमच्याच जिल्ह्यात झाला, पंतप्रधान आले होते. गर्दीत मीही होतो. ज्याचं वावर मी करतो तो मालक नागपुरात खासगी नोकरीत आहे. त्याला तिथं बसून मेसेज आला. मले बोंडअळी आली, त्याले हप्ता आला. माणूस वाईट नाही, दिवाळीला पोरांना कपडे घेतो. पण कायद्यानं शेतकरी तो आहे. बीटी बियाण्याची पिशवी २०२५ मध्ये ९०१ ले होती, त्या माझ्या. ठोका आगाऊ दिला तो माझा. पीकविमा, अनुदान, केंद्रावर कापूस विकणं, सगळीकडे सातबारा त्याचा लागते.

बायकोले लाडकी बहीण मिळते. आमच्या घरात सरकारकडून येणारा तो एकच पैसा. त्याले जमीन लागत नाही म्हणून आला.

आदिलाबादचा_पाहुणा
बटईदार भाऊ, सीमेपलीकडेही हेच. आमचं गाव तेलंगणात, घरात मराठीच बोलतो. इथं २०१८ पासून शेतकऱ्याला रोख देणारी रयतू बंधू योजना आली. एकरी हंगामाला ४०००, नंतर ५०००. तुमच्यासारखी घराला ठरावीक रक्कम नव्हती, जेवढी जमीन तेवढा पैसा. मामाची सात एकर, वर्षाला ७०,००० यायचे. त्यातून त्यांनी बोअर मारला, पाइप टाकला, खरंच शेती सुधारली. पेरणीच्या तोंडावर यायचे म्हणून उपयोग झाला, बांधावरचा म्हणतात तसं.

पण ठोक्यानं करणाऱ्याला तिच्यातही काही नव्हतं. मला वाटलं होतं मालकाला सरकारकडून मिळतंय तर तो ठोका उतरवेल. आमच्या गावात एकानंही उतरवला नाही.

माळवी_मराठी
ओडिशाच्या 'कालिया' या शेतकरी योजनेत हे जरा वेगळं होतं. २०१८ च्या शेवटी जाहीर झाली, तिच्यात वाट्यानं करणारे आणि भूमिहीनही धरले होते. भूमिहीन घराला शेळीपालन, कुक्कुटपालन, अळिंबी अशा उद्योगासाठी १२,५०० ठरवले होते. म्हणजे सातबाऱ्याशिवाय शेतकरी ओळखणं अवघड असलं तरी अशक्य नाही.

कोथरूडकर
बटईदार यांची पोस्ट दोनदा वाचली. सातबारा आमच्याही नावावर आहे आणि आम्ही कसत नाही. कर भरतो म्हणून अर्ज केला नाही, पण आमच्या वाडीत न कसणारे कितीतरी जण घेतात. रोख वाईट की चांगली हा माझा मुद्दा मी अजून सोडलेला नाही. माझ्या मते भाव नीट दिला तर याची गरजच पडू नये. पण दारूचं जे लिहिलं ते ऐकीव होतं, ते मागे घेतो.

सजा_क्र_७
मी ३१ वर्षं तलाठी होतो, आता निवृत्त. वरच्या चर्चेत दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली: पैसा अडकतो तो बहुतेक वेळा तीनच ठिकाणी. केवायसी नाही, जमिनीची नोंद जोडलेली नाही, किंवा आधार भलत्याच खात्याला जोडलेलं. लोक पासबुक दाखवून भांडतात, पण पैसा पासबुकावर जात नाही, आधार शेवटी ज्या खात्याला जोडलं तिथं जातो. एका म्हाताऱ्याचे पाच हप्ते कुठल्या तरी जुन्या, विसरलेल्या खात्यात सापडले. तो रडलाच. आणि ज्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत (खुरपं धरून बोटं गुळगुळीत होतात) त्यांनी ठशासाठी खेटे घालू नयेत, किसान सन्मानच्या ॲपवर चेहरा दाखवून केवायसी होते.

दुसरी: माणूस गेला की हप्ता आपोआप वारसाला जात नाही. फेरफार (जमिनीच्या नोंदीतला बदल) मंजूर झाल्यावर वारसानं नवा अर्ज करावा लागतो. १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेल्या जमिनीला लाभ नाही, पण वारसानं आलेल्या जमिनीला ती अट नाही. हे अर्धवट ऐकून कित्येक विधवा बायका घरी बसून राहिल्या.

तिसरी गोष्ट मनाला लागलेली आहे. वर लक्ष्मीमुक्तीचा उल्लेख आला. १९९० च्या आसपास माझ्या सजात (तलाठी म्हणून माझ्याकडे असलेल्या गावांत) किती तरी जणांनी बायकोच्या नावावर जमीन केली, ते फेरफार मी माझ्या हातानं लिहिले. त्यातल्या घरांनी पुढे सुनांच्या नावांवरही तेच केलं. आता पाहा. लाडकी बहीणचा नियम असा, की जिला दोन्ही सन्मान निधींचे मिळून महिन्याला हजार मिळतात तिला दीड हजारातले ते वजा करून पाचशेच मिळणार. जमीन नवऱ्याच्या नावावर असेल तर घरात त्याचे १२,००० आणि तिचे १८,०००, एकूण ३०,०००. जमीन बायकोच्या नावावर असेल तर १२,००० आणि ६,०००, एकूण १८,०००. ज्या घरानं बाईला मालकीण केलं त्याला वर्षाला १२,००० कमी. एक बाई मला भेटून म्हणाली, "भाऊसाहेब, जमीन परत मालकाच्या नावावर करता येते का?" मी तिला नको म्हणालो. पण तिच्या हिशोबात चूक काढता आली नाही.

सोयरीक
हे मला माहीतच नव्हतं. सहा महिने मी नवऱ्याच्या मागे लागलेय, एक एकर तरी माझ्या नावावर करा म्हणून.

सजा_क्र_७
ताई, मागणी सोडू नका. योजना बदलते, बंद होते. सातबारा राहतो.

काळी_माती
माझा छोटा अनुभव. वडिलांचं पीककर्ज थकलं होतं. अनुदान, सन्मान निधी, सगळं त्याच खात्यात पडायचं आणि बँकेनं खात्याला होल्ड लावलेला. आकडा दिसायचा, काढता यायचा नाही. वडील महिन्यातून दोनदा बँकेत जाऊन नुसता आकडा बघून यायचे. शेवटी आधार दुसऱ्या खात्याला जोडलं, तेव्हा पुढचा हप्ता हातात आला. त्या दिवशी त्यांनी एक किलो जिलबी आणली होती. मधुमेह असून एक वेढा खाल्ला, आम्ही कुणी अडवलं नाही.

ठिबक_ठिबक
जिलबीवर मी काही बोलणार नाही. डोळ्यांत पाणी आलं.

माहेरची_वाट
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री वहिनीला फोन करून हा धागा जवळजवळ पूर्ण वाचून दाखवला, स्पीकरवर. आई आणि भाऊही ऐकत होते. केंद्र आणि राज्य या पाटींवर आई इतकी हसली की ठसका लागला.

बांधावरचा यांचं पेरणीचं गणित ऐकून भाऊ म्हणाला, खरं आहे, पण हप्त्याची तारीख आपल्या हातात नाही. त्यावर वहिनी बोलली. तिच्याजवळ साडेअकरा हजार साठलेत, हे त्या क्षणापर्यंत घरात कुणाला माहीत नव्हतं. म्हणाली, "जूनमधे खताला मी देते. दुकानदाराकडे जाऊ नका. हप्ते येतील तसे मला परत करा." भाऊ गप्प. मग त्यानं विचारलं, व्याज? ती म्हणाली, "व्याज नको. पण वहीत मांडायचं. माझ्या नावानं."

आईनं आज सकाळी वहीत नवं पान काढलंय. वर वहिनीचं नाव लिहिलंय, माहेरचं. मी विचारलं, माहेरचं का? तर म्हणे पासबुकावर तेच आहे. (सजा_क्र_७ काका, आधारवर सासरचं आहे आणि पासबुकावर माहेरचं. पैसा येतोय, पण यामुळे पुढे अडचण येईल का?)

सजा_क्र_७
आज ना उद्या येईल. पैसा येत असतानाच बँकेत नाव दुरुस्त करून घ्या. लग्नाचा दाखला आणि आधार न्या. सोमवारी गर्दी असते, दुसऱ्या दिवशी जा.

बांधावरचा
वहिनींना सांगा, साडेअकरा हजारांतलं बियाण्यावर खर्चू नका. यंदाचं घरचं सोयाबीन ठेवलं असेल तर तेच पेरता येईल. पण सप्टेंबरच्या पावसात भिजलेलं असलं तर उगवण तपासल्याशिवाय तिफणीत घालायचं नाही. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे रांगेत ठेवा, गुंडाळा, सहा-सात दिवसांनी मोजा. सत्तर उगवले तर बिनधास्त पेरा. साठ-पासष्ट असतील तर एकरी दोन-तीन किलो वाढवा. त्याच्या खाली असेल तर मला इथेच कळवा, माझ्याकडे दोन पोती कोरड्यात निघालेली आहेत.

बटईदार
बांधावरचा दादा, कपाशीतलं दोन एकर कमी करून तिथं तुरीसोबत सोयाबीन घ्यायचा विचार आहे पुढल्या साली. एक पोतं मलेही ठेवा. पैसे मेअखेर देतो, रोख.